कधी गार, कधी गरम: गाडीच्या एसीचे अनुभव लिहा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या गाडीवाल्या मंडळींसाठी हा धागा. एसी कायमचा बंद पडला तर निदान गॅरेजवाल्याला दाखवता तरी येतो. खरा वैताग मधूनच बंद पडणाऱ्याचा. कापूरबावडीच्या सिग्नलला घाम फोडतो आणि गॅरेजच्या दारात गाडी लावली की पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा शहाणा होतो. मग ठरलेलं वाक्य येतं, "साहेब, गॅस कमी असेल, टाकून देऊ."

गॅस टाकणं म्हणजे निदान नव्हे, हे माझं ठाम मत. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता भरला तर त्याच वाटेने पुन्हा जाणार.

तेव्हा अनुभव लिहाच, पण "एसी नीट चालत नव्हता, मग चालला" असं नको. बंद पडायचा तेव्हा गाडी पळत होती की उभी? सुरुवातीलाच की तासाभराने? ब्लोअरचा वारा तेवढाच राहायचा की तोही मंदावायचा? बॉनेट उघडून पुढचा पंखा फिरतोय का, हे कुणी पाहिलं का? आणि शेवटी निघालं काय?

कोपरखैरणे, पेट्रोल हॅचबॅक

पाम बीचवर झकास, वाशीच्या सिग्नलला भट्टी. सिग्नल सुटून जरा वेग घेतला की पुन्हा गार. हे इतकं नेमाने व्हायचं की घरातले म्हणायला लागले, सिग्नल तोडतच चला.

तुर्भ्यातल्या एका मेकॅनिकने गॅसचं प्रेशर मोजायचं गेज वगैरे काही लावलं नाही. गाडी उभी, एसी चालू, बॉनेट उघडं. बाटलीभर पाणी त्याने पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर, म्हणजे तापलेला गॅस निववणाऱ्या भागावर, ओतलं आणि मला आत बसून हवा बघायला सांगितलं. मिनिटभरात गार! मग पान्याच्या दांड्याने पंख्याच्या मोटरवर हलकेच टकटक केलं, आणि इतका वेळ गप्प असलेला पंखा गरगर फिरायला लागला. मोटरला आतून वीज पोचवणारे कार्बन झिजले होते. अडकले की बंद, खड्ड्यात गाडी आपटली की चालू.

त्याने समजावलं ते असं: गाडी पळताना कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो. उभी राहिली की पंख्यावरच भिस्त. पंखा नसेल तर गॅसचं प्रेशर चढत जातं आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसरची, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाची, वीज तोडतो. याआधी दोन ठिकाणी मला गॅस टाकायला सांगितलं होतं. पंख्याकडे कुणी बघितलंही नव्हतं.

घोडबंदर रोड, मानपाडा

माझं बरोबर उलटं! गावात उत्तम, लांबच्या प्रवासात बंद. नाशिकला निघालो की कसाऱ्याच्या आसपास हवा कमी कमी होत जायची. ब्लोअर चारवर, आवाज पूर्ण, पण झडपेतून येणारा वारा अगदी फुंकर. चहाला थांबलो की गाडीखाली पाण्याचं थारोळं, आणि निघाल्यावर पुन्हा मस्त गार.

हे कूलिंग कॉइलवर बर्फ जमण्याचं लक्षण. कॉइल किती थंड झाली हे सांगणारा एक छोटा सेन्सर असतो. तो बिघडला की कॉम्प्रेसर वेळेवर थांबत नाही, कॉइलवर बर्फाचा थर चढतो आणि हवेला वाटच उरत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेत पाणीच इतकं की थर लवकर धरतो. आमच्या केबिन फिल्टरमध्ये वाळलेली पानं आणि धुळीचा नमदा निघाला, त्याने आणखी भर. सेन्सर आणि फिल्टर दोन्ही बदलले, त्रास गेला. तोवरचा जुगाड: वारा मंदावला की एसीचं बटण बंद, ब्लोअर चालू, दहाएक मिनिटं.

सीवूड्स

उंदीर. कॉम्प्रेसरला जाणारी वायर अर्धी कुरतडलेली, गाडी हलेल तशी टेकायची आणि सुटायची. खाडीकाठच्या पार्किंगवाल्यांनो, गेज लावण्याआधी टॉर्च घेऊन वायरी बघा.

वाशी, जुनी सेडान

नोकरीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सकाळी एसी उत्तम. दुपारी ठाणे-बेलापूर रोडवर तासभर रखडलो की गरम हवा. संध्याकाळी पुन्हा उत्तम. पंखा फिरत होता, वाराही भरपूर होता. बंद पडला त्याच वेळी गाडी बाजूला घेऊन कॉम्प्रेसरच्या कनेक्टरवर मीटर लावला. व्होल्टेज पूर्ण येत होतं, तरी पुढची प्लेट ओढली जात नव्हती. म्हणजे स्विच, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), फ्यूज सगळे निर्दोष सुटले. दोष क्लचमध्येच.

कॉम्प्रेसरचा क्लच हा एक विद्युतचुंबक. बटण दाबलं की तो प्लेट ओढून पुलीला चिकटवतो, "टक्" आवाज येतो तो हाच. प्लेट झिजत जाते तशी मधली फट वाढते. पुष्कळ गाड्यांत ती ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. त्यात गरम झालेल्या तांब्याचा रोध वाढतो, करंट घटतो, चुंबक दुबळा पडतो. गार असताना वाढलेली फटही तो ओढून घेतो, तापल्यावर ओढत नाही. सकाळ-दुपारचं कोडं ते एवढंच. एका ठिकाणी मला अख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं होतं. दुसऱ्याने प्लेटमागची एक पातळ चकती काढून फट कमी केली आणि काम झालं.

नव्या बऱ्याच गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह कमी-जास्त करतो. तिथे "टक्" ऐकत बसू नका, स्कॅनर लागेल.

कळवा

काका, ही फट घरी मोजता येईल का? आणि इंजिन चालू ठेवूनच ना?

वाशी, जुनी सेडान

छे! इंजिन बंद, चावी बाहेर, मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. चालू बेल्टजवळ हात नको, ओढणी आणि सैल बाह्या तर मुळीच नकोत.

वागळे इस्टेट

मी स्वतः एसीचंच काम करतो, म्हणून आमची बाजू. गिऱ्हाईक गाडी लावतो आणि म्हणतो, अर्ध्या तासात द्या. मधूनच येणारा दोष अर्ध्या तासात तोंड दाखवत नाही. माझ्याबरोबर तीन हात नाक्यापर्यंत चक्कर मारायला तयार असलेल्याचं काम आधी होतं.

दुसरं, बंद गाडीला गेज लावून "गॅस बरोबर आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आर-१३४ए हा गॅस वापरणाऱ्या सिस्टीममध्ये तो थोडासाही द्रवरूपात शिल्लक असला, तरी ३० अंश तापमानाला काटा ९५-१०० पीएसआयच्या आसपासच दिसणार, मग आत निम्मा असो की पूर्ण. खरं माप वजनाचं. असलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, तोलायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच भरायचा. जास्त भरला तरी उन्हात प्रेशर चढून कॉम्प्रेसर बंद पडतो, म्हणजे "टॉप-अप" करून नवा दोष विकत घ्यायचा.

सिस्टीम उघडली आणि व्हॅक्युम नीट काढला नाही तर आत ओल राहते. ती कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठते, गारवा थांबतो, बर्फ वितळला की परत येतो. तिथे ओल शोषणारा ड्रायर नवा टाकून व्हॅक्युमला पुरेसा वेळ द्यावा लागतो, अर्धा-पाऊण तास तरी.

खारघर

बोरघाट चढताना पाय दाबला की क्षणभर गारवा जातो, तो दोष नव्हे. जोर लागतो म्हणून गाडीचा कॉम्प्युटरच कॉम्प्रेसर सोडतो. पण काटा तापमानाचा वर जात असेल तर एसी विसरा, आधी कूलंट पाहा.

कळवा

आता माझं. एसी लावला की डॅशबोर्डमागे टक-टक-टक, आणि हवा कधी गार, कधी कोमट. बॉनेटखालचा एसीचा जाड पाइप मात्र बर्फासारखा गार आणि घामेजलेला. म्हणजे यंत्रणा गारवा बनवत होती, आत पोचत नव्हता. हीटरची हवा मिसळणाऱ्या झडपेच्या मोटरचे दात तुटलेले निघाले. गॅसचा काही संबंध नाही.

ऐरोली

माझा अजून सुटलेला नाही. वेळ नाही, काळ नाही. उभी असो, पळत असो, थंड असो, तापलेली असो. पंखा बरोबर, वारा बरोबर. बंद पडतो तेव्हा "टक्" येत नाही.

वाशी, जुनी सेडान

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर एसीचा रिले कुठला ते पाहा. शेजारी हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर दोघांची अदलाबदल करा आणि चालवत राहा.

ऐरोली

केली. एसी आता एकदाही बंद पडलेला नाही. हॉर्न मात्र कधी वाजतो, कधी नाही. नवा रिले आणायला निघालोय, सांभाळून.