संक्रांतीच्या वाणासाठी तिळाच्या वड्या : पाक आणि बांधणीबाबत मदत हवी आहे

नमस्कार. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात प्लास्टिकच्या डब्या वाटण्याऐवजी (त्या पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाच्या तरी वाणात फिरताना दिसतात) घरी केलेल्या तिळगुळाच्या वड्या द्याव्यात, असा माझा विचार आहे. दोन वाट्या पॉलिश न केलेले तीळ, तितकाच चिरलेला गूळ, अर्धी वाटी दाण्याचे कूट, चमचाभर तूप आणि वेलची-जायफळ असे प्रमाण मी घेते.

अडचण पाकाची आहे. चिक्कीच्या गुळाचा पाक पाण्यात टाकलेल्या थेंबाची टणक गोळी होईपर्यंत उकळला, तर वडी कुरकुरीत होते आणि टिकतेही, पण ज्येष्ठ मंडळींच्या दातांना ती झेपत नाही; उलट साध्या गुळाचा मऊ गोळीचा पाक घेतल्यास वडी तोंडात सहज विरघळते, मात्र रत्नागिरीच्या दमट हवेत ती लवकर चिकट होते. दोन्ही गूळ निम्मे-निम्मे घेऊन मधला पाक साधतो का? चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्याने वडी खुसखुशीत होते असे म्हणतात. त्याने चवीत फरक पडतो का?

बांधणीसाठी प्रत्येक वडीला बटर पेपर लावून वर कागदी पुडी करावी, की वड्या हवाबंद डब्यात ठेवून आयत्या वेळी बांधाव्यात? कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. दाण्यांची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी कुटाऐवजी सुके खोबरे किती घालावे, हेही सांगावे.