नऊ ड्रॅगन मोजायचे तर आधी झगा उघडा

जुनीपेटी: परवा एक पोस्ट फिरत होती: ‘चिनी बादशहा कायम पिवळाच झगा घालायचा, त्यावर नऊ ड्रॅगन भरलेले, बाकी नक्षी शोभेची.’ एका वाक्यात इतक्या चुका! 1759 मध्ये छ्येनलोंग बादशहाच्या काळात पोशाखांची नियमावली झाली. तिच्यात स्वर्गवेदीवर निळा, सूर्यवेदीवर लाल, चंद्रवेदीवर फिकट निळसर झगा आहे. ड्रॅगन समोरून मोजा, पाचच भरतील: छातीवर एक, खांद्यांवर दोन, खाली दोन. पाठीमागूनही पाचच, पण खांद्यांवरचे दोन तेच, म्हणजे एकूण आठ. नववा आतल्या पदरावर, बटणं काढल्याशिवाय दिसत नाही. नऊ आणि पाच हे बादशहाचे आकडे, दोन्ही एकाच झग्यात साधलेत. आणि ‘शोभेची’ नक्षी म्हणजे बारा चिन्हं. डाव्या खांद्यावर सूर्य, उजव्यावर औषध कुटणारा ससा बसलेला चंद्र. कुऱ्हाड म्हणजे शिक्षेचा अधिकार.

कात्रीवाली: नियमावली कागदावर छानच होती हो. पाच नखांचा ड्रॅगन वरच्यांचा, बाकीच्यांना चार नखांचा. मग पाचव्या नखाचे टाके उसवलेले झगे कसे सापडतात? अधिकाऱ्यांच्या छातीवरच्या चौकोनांत कधीकधी हुद्दा दाखवणारा पक्षी वेगळा करून वरून टाचलेला असतो. बढती झाली की हंस काढा, मोर लावा. चिन्हाचं एवढंच पावित्र्य. खरी गोष्ट भरतकामाची.

ताणाबाणा: भरतकाम, भरतकाम! उत्तम झगे केसीचे, म्हणजे विणलेले. ताणा, म्हणजे उभे धागे, सलग, त्याच्याखाली चित्र धरून शाईने रेघा काढायच्या. प्रत्येक रंगाचा धोटा वेगळा, आपल्या भागापुरताच फिरून परततो. दोन रंग उभे भेटले की मध्ये फट राहते. उजेडासमोर धरा, दिसेल.

मोरबांगडी: म्हणजे पैठणीच की! रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्या, तिल्ल्या, त्याच.

ताणाबाणा: नाही. येवल्यात शेजारचे बाणे, म्हणजे आडवे धागे, एकमेकांत अडकवतात, म्हणून फट नाही. केसीत अडकवतच नाहीत. उभी रेघ लांबली तर कापड तिथेच दुबळं पडतं. म्हणून मधूनमधून धोटा पलीकडच्या ताण्यावर नेऊन पूल बांधायचा.

मोरबांगडी: मग आपलीच पद्धत पक्की.

ताणाबाणा: पक्की असेल, पण अडकवलं की कड किंचित दातेरी होते. फटीमुळे रेघ सुरीने कापल्यासारखी येते. ‘आपली’ म्हणून काहीही!

कात्रीवाली: धारदार रेघांचं फार कौतुक नको. एकोणिसाव्या शतकातल्या केसीत बारीक रेघा सर्रास कुंचल्याने रंगवल्यात. विणायला वेळ लागतो ना! त्यापेक्षा सोन्याचं काम बघा. वर्ख कागदावर चिकटवून पट्ट्या कापतात, रेशमावर गुंडाळतात. ही कलाबूत सुईत ओवून कापडातून ओढली तर सोनं सोलून निघेल. म्हणून ती वरच ठेवतात, दोन-दोन धागे जोडीने, आणि बारीक रेशमाने टाचतात. टाचायचा धागा लाल घेतला की सोनं तांबूस दिसतं.

ताणाबाणा: कुंचल्याचं मान्य. घ्या, खूश? पण रंगवलेली केसी म्हणजे उतरती कळा, तिच्यावरून सगळी केसी मोजू नका.

कात्रीवाली: आणि उसवलेल्या नखावरून मी चिन्हं मोजली तर चालत नाही, असंच ना?

जुनीपेटी: उलट, नख उसवायची वेळ आली म्हणजे कुणीतरी मोजत होतं! चिन्हाला किंमत नसती तर टाके तसेच राहिले असते.

मोरबांगडी: ते असो. केसीचा झगा काठीवर टांगून ठेवणाऱ्यांना काय म्हणावं? स्वतःच्याच वजनाने फटी उघडतात. आडवा ठेवा, घडीत कागदाची वळकटी घाला.

ताणाबाणा: पहिल्यांदाच कामाचं बोललात.