ऑटिझमसाठी देणगी: संशोधनाला द्यावी की कुटुंबांना?

औदुंबर:
नुकताच निवृत्त झालोय. दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढायची ठरवलं आहे आणि आठवड्यातली एक सकाळही मोकळी आहे. जवळच्या मित्राचा नातू ऑटिस्टिक आहे, म्हणून ही ओढ. पैसे संशोधनाला द्यावेत की अशा घरांना? माझ्या छोट्या रकमेने संशोधनात काय फरक पडणार? आणि या विषयातलं शिक्षण नसलेला माणूस वेळ देऊन काय करू शकतो?

कर्दळ:
काका, मी एका ऑटिस्टिक मुलाची आई. मुलगा सोळा वर्षांचा आहे, बोलत नाही, टॅबवरची चित्रं दाबून सांगतो. आधी वेळेबद्दल लिहिते, कारण आमच्यासारख्या घरांत त्याचीच चणचण जास्त.

आमच्याकडे एका संस्थेतर्फे एक काकू येतात. त्यांचंही या विषयातलं शिक्षण नाही. आल्या की चपला ठरलेल्या जागीच काढतात, कारण जागा बदलली की त्याचा जीव कासावीस होतो. तो बाटल्यांची झाकणं रंगांप्रमाणे लावत बसतो, त्या शेजारी बसतात. सुरुवातीला बरेच दिवस त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी कधी "इकडे बघ ना" म्हणून पाठ धरली नाही. आता तो स्वतःहून एखादं झाकण त्यांच्या हातात देतो आणि कुठे ठेवायचं ते बोटाने दाखवतो. तेवढा वेळ मी फक्त धाकटीची असते. भावंडांच्या वाट्याला आई फार कमी येते हो.

झेपेल तेवढंच कबूल करा. दर आठवड्याला यायचं म्हणून नंतर दिसेनासं होण्यापेक्षा महिन्यातून एकदा, पण ठरल्या वेळी येणारा माणूस आम्हाला हवा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे चित्रांच्या तक्त्यावर त्याला तसं दाखवून ठेवता येतं. आणि परस्पर कुणाच्या घरी जाऊ नका, संस्थेमार्फतच जा. तुमची चौकशी होईल, सुरुवातीला पालक समोर बसतील. वाईट वाटून घेऊ नका. आमची मुलं घडलेलं सांगू शकत नाहीत.

रानवारा:
संशोधनालाही जरूर द्या. या क्षेत्रात पालकांनी आणि देणगीदारांनी खूप काही उभं केलं आहे. ब्रिटनमध्ये १९६२ साली पालकांनी काढलेली संस्था म्हणजे आजची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी. संस्थापकांपैकी लोर्ना विंग मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि ऑटिस्टिक मुलीच्या आईही. ऑटिझमकडे स्पेक्ट्रम म्हणून, म्हणजे प्रत्येकात वेगळ्या रूपात आणि कमी-जास्त दिसणारी स्थिती म्हणून पाहणं त्यांच्यामुळे रूढ झालं. अमेरिकेत सायमन्स फाउंडेशनच्या पैशावर २०१६ पासून 'स्पार्क' हा ऑटिझममागच्या जनुकांचा अभ्यास चालू आहे. कुटुंबं घरूनच लाळेचा नमुना पाठवतात. आई-वडिलांचाही नमुना मिळाला की मुलातला जनुकीय बदल त्यांच्याकडून आलाय की नव्याने झालाय, ते कळतं. एक लाखाहून जास्त ऑटिस्टिक व्यक्ती त्यात आहेत.

छोट्या रकमेचं म्हणाल, तर अनेकांच्या देणग्या एकत्र करून संस्था नव्या संशोधकाला पहिलं छोटं अनुदान देतात. त्यातून हाती काही निष्कर्ष आले की मोठ्या सरकारी निधीसाठी अर्ज करता येतो. देण्याआधी दोन गोष्टी विचारा: मागच्या पैशातून काय प्रसिद्ध झालं, आणि विषय ठरवताना ऑटिस्टिक माणसांना विचारलं का.

कर्दळ:
रानवारा, ते दुसरं फार महत्त्वाचं. ब्रिटनमधल्या 'ऑटिस्टिका' या ऑटिझम-संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेने ऑटिस्टिक व्यक्ती, कुटुंबं आणि तज्ज्ञांना विचारून संशोधनाचे प्राधान्यक्रम २०१६ मध्ये जाहीर केले. यादीत पहिला प्रश्न मानसिक आरोग्याच्या उपचारांचा होता. आमच्या घरी विचाराल तर झोप आणि फिट्स. ऑटिझमबरोबर फिट्सचा आजार बऱ्याच जणांना असतो, माझ्या मुलालाही आहे. रात्री तो उठला की सगळं घर उठतं. जनुकांचा शोध लागू दे, पण थोडा पैसा या रात्रींसाठीही जाऊ दे.

औदुंबर:
दोघांचे मनापासून आभार. झोप आणि फिट्सवरच्या कामाला निधी देणारी संस्था शोधतो. सकाळचं मात्र पक्कं, सध्या महिन्यातून एकदाच. कर्दळताई, पहिल्यांदा जाताना काय सांभाळू?

कर्दळ:
अत्तर लावू नका. फोन बंद ठेवा. मुलाने हात धरला तर धरू द्या, आपण होऊन धरू नका. फोटो अजिबात नको.