मदत हवी आहे: खंबाटकी चढताना व्हॅन गरम होते, मेकॅनिक हेड उतरवायचं म्हणतोय

सातारची_वहीवाली
कृपया लवकर सांगा. गाडी पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात गरम होते, लाल दिवा लागतो. या आठवड्यात दोनदा घाटात उभी राहिली. मेकॅनिक म्हणतो हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागेल, 18 हजार आणि चार दिवस. शाळा सुरू व्हायला नऊ दिवस राहिलेत, त्यात चार दिवस गाडी बंद ठेवणं परवडणार नाही. तीन घरं या गाडीवर चालतात. हेड उतरवू की नको, एवढंच सांगा.

ग्रीसहात
एवढ्यावर कसं सांगणार? पेट्रोल, डिझेल की सीएनजी? किती किलोमीटर झालेत? गाडी भरलेली असते की रिकामी? पाणी कमी होतं का? तापमानाचा काटा कुठवर जातो?

शिरवळकर
भाऊ, थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाका, विषय संपला. आमच्या तीन गाड्यांचे काढलेत, चार वर्षं झाली, एकही गरम होत नाही.

सातारची_वहीवाली
भाऊ नाही, ताई. पुण्यात आप्पा बळवंत चौकातल्या व्यापाऱ्यांकडून वह्या, रजिस्टरं आणते आणि साताऱ्यात शाळांना पुरवते. गाडी 2016 ची, पेट्रोल-सीएनजी, इंजिन सीटखाली. 2 लाख 80 हजार झालेत. काटा नाहीच, फक्त दिवा आहे. येताना वह्यांचे गठ्ठे असतात, जाताना रिकामी.

ग्रीसहात
बरं झालं सांगितलंत. पुण्याकडे जाताना बोगदा आणि गाडी रिकामी, येताना घाट आणि गाडी भरलेली. म्हणजे चढावर, दुसऱ्या गिअरला, ट्रकच्या मागे रांगत असतानाच त्रास. आता हे सांगा: पुण्यात ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर गरम होते का? आणि पाण्याचं राहिलंच.

सातारची_वहीवाली
ट्रॅफिक लागतच नाही. दिवसा चौकात गाडी लावायला जागा कुठे मिळते? रात्री गोडाऊनमधून भरतात आणि पहाटे चारला निघतात. पाण्याचं ड्रायव्हरकाकांना विचारून सांगते.

मालवाहू_मोरे
ताई, 2 लाख 80 हजार म्हणजे गाडीने आपलं काम केलंय. आता यात पैसे घालू नका. विकून इलेक्ट्रिक घ्या, त्यात ना रेडिएटर, ना हेड.

ग्रीसहात
मोरे, त्यांना नऊ दिवसांत माल पोचवायचाय, तुम्ही नवी गाडी घ्यायला सांगताय.

सातारची_वहीवाली
काका म्हणतात, दोन दिवसांआड लिटरभर पाणी घालतात. आधी कूलंट होतं, मागच्या दिवाळीपासून नुसतं पाणी. घाटाखालच्या खंडाळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर बोअरचा नळ आहे, तिथलं. मला आजच कळलं.

जुनाखेळाडू
बोअरच्या पाण्याने रेडिएटर आतून क्षाराने भरतो. उतरवून रॉडिंग करून घ्या, सळया घालून नळ्या साफ करतात, हजारभर रुपयांत काम होतं.

ग्रीसहात
जुनी पितळी जाळी असती तर हो. या गाडीची जाळी ॲल्युमिनियमची, टाकी प्लास्टिकची, मध्ये रबर घालून दाबून बसवलेली. सळई घातली तर नळ्या फाटतात. फार तर फ्लश करता येईल, नाहीतर नवीन.

जुनाखेळाडू
तीस वर्षं रॉडिंग बघतोय मी.

शिरवळकर
मी अजून सांगतो, थर्मोस्टॅट काढा.

ग्रीसहात
दादा, थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवीन टाकायचा. तो साधारण 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडतो, त्याचं कामच ते. काढून टाकला की इंजिन गारच राहतं, ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून तापली नाही, मग पेट्रोल जास्त जातं आणि सीएनजीवर जायलाही उशीर लागतो. तुमच्या गाड्यांचं एव्हरेज किती पडलं ते कधी मोजलंत?

शिरवळकर
गाडी घाटात उभी राहण्यापेक्षा एव्हरेज पडलेलं परवडलं.

ग्रीसहात
ताई, हेड उतरवायच्या आधी या तीन गोष्टी करा, अर्ध्या तासाचं काम आहे. सकाळी गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे आले तर हेडखालचं गॅस्केट गेलंय. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ कॉफीसारखा फेस आहे का बघा. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: गाडी जागेवर 20 मिनिटं चालू ठेवा आणि पुढचा पंखा फिरतो का बघा. पहाटेच्या मोकळ्या हायवेला वाऱ्यानेच रेडिएटर गार होतो, पंख्याची गरजच पडत नाही. ती पडते घाटात. मात्र दिवा लागला की लगेच बंद करा, ताणू नका.

आणि गरम असताना झाकण उघडू नका. माझ्या उजव्या हातावर अजून डाग आहे.

वरदा_केटरर्स
ताई, विषय वेगळा आहे, पण 200 पानी लाँग बुकचा डझनाचा भाव काय आहे? माझ्या भाचीच्या शाळेत हव्या आहेत.

सातारची_वहीवाली
बुडबुडे नाहीत. झाकणाला फेस नाही, फक्त काळं तेल. पंखा फिरला नाही! सतरा मिनिटांनी दिवा लागला, बंद केली. म्हणजे नवीन पंखा घ्यायचा का? दुकान आठला बंद होतं.

ग्रीसहात
थांबा, घेऊ नका. पंख्याला बॅटरीवरून सरळ दोन वायर द्या. फिरला तर मोटर चांगली आहे. मग फ्यूज बघा. रिले (पंख्याला करंट सोडणारा स्विच) संशयाचा असेल तर त्याच आकाराचा आणि तेवढ्याच अँपिअरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघा. त्यानेही झालं नाही तर वायरिंगमागे लागा. इंजिनाच्या टेंपरेचर सेन्सरचा कप्लर (वायरचा प्लग) काढून इग्निशन चालू केलं की बऱ्याच गाड्यांत ईसीएम पंखा आपोआप सुरू करतो, तेही करून बघा.

मालवाहू_मोरे
हे सगळं करण्यात वेळ जातोय. मी सांगितलं होतं.

सातारची_वहीवाली
वायरमनला घेऊन बसले होते, आत्ता उठले. सरळ वायर दिल्यावर पंखा जोरात फिरला. फ्यूज चांगला, रिले चांगला. पंख्याचा कप्लर हाताने सुटेना, पकडीने ओढला तेव्हा सुटला. आतलं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन एका पिनेला चिकटलं होतं, पिन हिरवी पडलेली, वायरचं आवरण बोटभर करपलेलं. तिथूनच करंट जात नव्हता. नवीन कप्लर, मजुरी धरून 450 रुपये झाले. रेडिएटर फ्लश केला तर आधी गेरूच्या रंगाचं पाणी आलं, मग पांढरे कपचे. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलंय. आज रात्री गाडी पाठवते. तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

सातारची_वहीवाली
परत दिवा लागला!! पहाटे, शिरवळच्याही अलीकडे, सपाट रस्त्यावर. काका गाडी बाजूला घेऊन बसलेत. शाळेला आज 11 वाजता माल द्यायचाय.

शिरवळकर
शिरवळजवळ कुठे आहे ते कळवा, माझी गाडी मोकळी आहे. माल मी पोचवतो, डिझेलचे पैसे द्या फक्त.

जुनाखेळाडू
हेडच असणार. मेकॅनिक उगाच नाही सांगत.

ग्रीसहात
पंखा फिरत होता का? आणि कूलंट भरल्यावर हवा काढली होती का? सीटखाली इंजिन, पुढे रेडिएटर, मधले पाइप लांब, त्यात हवा अडकते. पाणी भरलेलं दिसतं, पण इंजिनात फिरत नाही. गाडी पूर्ण गार होऊ द्या, मग तोंड चढाकडे करून उभी करा. झाकण उघडं ठेवून चालू करा, हीटर असेल तर तोही पूर्ण गरमवर. वरचा पाइप हाताने दाबत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत जा, पाणी उसळायला लागलं की झाकण लावा.

सातारची_वहीवाली
काका म्हणतात पंखा फिरत होता. हवा कोणी काढली नव्हती. शिरवळकरदादांनी 10:40 ला माल शाळेत उतरवला, पैसे घ्यायला तयार नव्हते, बळेच दिले. गाडी गार झाल्यावर काकांनी तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं, जवळजवळ दीड लिटर आत गेलं.

सातारची_वहीवाली
तीन फेऱ्या झाल्या. कालची पूर्ण भरलेली, घाटात एक ट्रक बंद पडून पाऊण तास रांग होती. दिवा लागला नाही. काका म्हणाले पंखा चालू-बंद होत होता, ते मुद्दाम काच खाली करून ऐकत होते. पण कूलंटच्या डब्यातली पातळी बोटभर उतरलीय आणि वॉटर पंपाखाली पांढरट हिरवा ओघळ वाळलेला दिसतो.

ग्रीसहात
पंपाचं सील झिरपतंय. मधले दिवस तोच लिटरभर पाणी पीत होता. थेंब सुरू झाला तर लगेच पंप बदला, नाहीतर सीझन झाला की बदला, सोबत बेल्ट आणि थर्मोस्टॅट नवीन टाका. रेडिएटरचं झाकणही बदला, त्याची स्प्रिंग मेली की पाणी लवकर उकळतं. तोवर काकांना रोज सकाळी गार गाडीत पातळी बघू द्या आणि डिस्टिल्ड पाण्याचा कॅन गाडीत ठेवा.

गॅसवाली_गाडी
सीएनजी सिलिंडरची तीन वर्षांची टेस्ट झाली आहे का? आठ वर्षांवरची माल गाडी, फिटनेस दर वर्षी लागतं, तिथे अडवतात.

सातारची_वहीवाली
टेस्ट ऑगस्टमध्ये आहे, पंप त्याच्याबरोबरच काढते. वरदाताई, भाव व्यनि (खाजगी निरोप) केलाय, दोन डझन उद्या स्टँडजवळच्या दुकानात ठेवते.