मदत हवी आहे: टेपने मोजलेलं जंगल आणि सॅटेलाईटचं जंगल जुळत नाहीये

तेंदूपान:
नमस्कार मंडळी, मी गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काम करते. सामूहिक वनहक्क मिळालेलं एक गाव आहे, जंगल साधारण ११०० हेक्टर, साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बऱ्याच भागात खाली बांबू. दोन महिन्यांपूर्वी कार्बन क्रेडिटचं (हवेतला कार्बन कमी केल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र) काम करणारे एक गृहस्थ सभेत आले, लॅपटॉपवर रंगीत नकाशा दाखवला, म्हणाले तुमच्याकडे हेक्टरी २४० टन आहे, करार करू. लोक म्हणाले आधी आम्ही मोजतो मग बघू, आणि खरंच मोजलं. २४ प्लॉट टाकले, प्रत्येकी ०.१ हेक्टर, म्हणजे ३१.६२ मीटरचा चौकोन, दोरी लावून. प्रत्येक झाडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर टेपने घेतला, काही झाडांची उंची घेतली, आणि घेराला ३.१४ ने भागून व्यास, मग लाकडाची घनता धरून उष्णकटिबंधातल्या झाडांसाठीच्या सूत्रात टाकलं. सरासरी आली हेक्टरी ११४ टन.

मला वाटलं कुठेतरी चुकलं म्हणून युरोपियन स्पेस एजन्सीचा १०० मीटरच्या पिक्सेलचा बायोमास (झाडांचं सुकं वजन) नकाशा उतरवला, तर आमच्या प्लॉटवरचे पिक्सेल बहुतेक ७० ते ९० दाखवतात! आणि फॉरेस्ट सर्व्हेच्या २०२३ च्या अहवालात देशाच्या जंगलातला एकूण कार्बन ७२८.५५ कोटी टन आहे, त्याला ७.१५ कोटी हेक्टर वनाच्छादनाने भागलं तर हेक्टरी १०२ येतं. म्हणजे एकाच जंगलासाठी चार आकडे. उन्हात गावातल्या पोरांनी, बायांनी तीन आठवडे घालवलेत, त्यांना मी काय सांगू? आमचं मोजमाप चुकलंय का? बांबू अजून हिशोबात धरलेला नाही, काठ्या मोजून ठेवल्यात फक्त.

देहरादूनकर:
ताई, मोजमाप चुकलेलं वाटत नाही, तुमचे चारही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. तुमचे ११४ टन म्हणजे जमिनीवरचा सुका बायोमास. अहवालातला आकडा कार्बनचा आहे आणि त्यात मुळं, मेलेलं लाकूड, पालापाचोळा आणि माती पण धरलीय, त्यात मातीचाच वाटा अर्ध्याहून जास्त. त्यामुळे ती तुलना सोडून द्या.

आता २४० बघा. कोरड्या उष्णकटिबंधीय जंगलात हेक्टरी २० टनांच्या वर बायोमास असेल तर मुळांसाठी त्याच्या ०.२८ पट धरतात. ११४ गुणिले १.२८ म्हणजे १४६. सुक्या वजनात कार्बन ०.४७ पट धरतात, म्हणजे साधारण ६८.६. आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साईड करायला ४४/१२ ने गुणा, २५१ येतात. त्यांचे २४० बहुतेक कार्बन डायऑक्साईडचे टन आहेत, सभेत नुसतं "टन" म्हणाले असतील. एकक न सांगता आकडा सांगणं हीच या कामातली सगळ्यात मोठी अडचण आहे, मी ऑफिसातही हे बघितलंय.

तेंदूपान:
अरे देवा, हे डोक्यातच आलं नाही. म्हणजे आमचा आकडा त्यांच्याशी जुळतोच की! पण मग देशाचा आकडा काढणारे प्रत्येक जंगलात जाऊन मोजतात का? आमच्या जंगलाचा त्यातून वेगळा काढता येईल?

देहरादूनकर:
नाही. फॉरेस्ट सर्व्हेची २०१६ पासूनची नवी रचना ५ बाय ५ किलोमीटरच्या जाळीवर आहे, म्हणजे एक चौकट २५ चौरस किमी. तुमचं अख्खं जंगल ११ चौरस किमी. त्यात एकही प्लॉट पडला नाही असं सहज होऊ शकतं. सगळ्या देशातले प्लॉट वनप्रकार आणि छत्राची घनता यानुसार गटात टाकतात, कुठे जास्त येतं, कुठे कमी, एवढ्या प्लॉटमध्ये ते एकमेकांना भरून काढतं, म्हणून देशासाठी तो आकडा चांगला. एका गावावर तो लावायचा नाही. तुमच्या २४ प्लॉटचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे प्लॉटचे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत, ते किती आलं?

तेंदूपान:
४८.

देहरादूनकर:
मग २४ च्या वर्गमुळाने भागा, ९.८. त्याची दुप्पट धरतात, म्हणजे ढोबळमानाने तुमचं उत्तर ११४ अधिक-उणे २०. हे सभेत असंच सांगा, ९४ ते १३४ च्या मधे कुठेतरी. लोकांना ते कळतं, पावसाचा अंदाज ते तसाच घेतात.

पिक्सेल:
नकाशाबद्दल मी लिहितो, रडारवर काम करतो. एक पिक्सेल एक हेक्टर, तुमचा प्लॉट त्याचा दहावा हिस्सा. प्लॉट मोहाच्या दोन मोठ्या झाडांवर पडला की आकडा चढतो पण पिक्सेलमधे मोकळी जागा पण येते, म्हणून एकास-एक लावू नका, २४ ची सरासरी आणि त्यांच्याखालच्या पिक्सेलची सरासरी लावा. तरी नकाशा कमीच दाखवेल कारण जंगल दाट झालं की रडारचा सिग्नल वाढायचा थांबतो, लहान तरंगलांबी पानं-फांद्यांवरूनच परत येते, जास्त बायोमास कमी दिसतो आणि विरळ ठिकाणी उलट. ३० जुलै २०२५ ला गेलेल्या निसारचा (नासा-इस्रोचा रडार उपग्रह) एल-बँड, म्हणजे लांब तरंगलांबीचा सिग्नल, आत खोडापर्यंत जातो, पण त्याचं उद्दिष्टसुद्धा हेक्टरी १०० टनांपर्यंतच्या जंगलाचं आहे, तुम्ही त्या काठावर आहात. म्हणून तुमचे प्लॉट सोन्यासारखे आहेत, असे टेपचे आकडे नसतील तर आमचे नकाशे कशावर घासून बघायचे? चारही कोपऱ्यांचे जीपीएस नीट जपून ठेवा.

आणि एक, उभा साठा म्हणजे क्रेडिट नाही. क्रेडिट वाढीव कार्बनवर किंवा होणारी तूट थांबवली त्यावर मिळतं. २४० ऐकून गावाने पैशाचा गुणाकार करू नये.

तेंदूपान:
हे शेवटचं फार महत्त्वाचं, एका घरात तो गुणाकार झालेला आहे आधीच. रविवारी सभा आहे, त्या गृहस्थांना बोलावलंय, टन कशाचे, मुळं धरली का, नकाशाची चूक किती आणि वाढ कशी मोजणार हे चार प्रश्न लोकच विचारतील असं ठरलंय. माझ्याकडे बांबूच्या काठ्यांचे घेर आणि संख्या आहेत, झाडांचं सूत्र त्यांना चालत नाही एवढं कळतं. आपल्याकडच्या मानवेल बांबूसाठी सूत्र कोणाकडे असेल तर शनिवारपर्यंत इथे टाका प्लीज.