कपिलची ती खेळी टीव्हीवर कुणीच पाहिलेली नाही : सामूहिक खोट्या आठवणी कशा तपासायच्या?

नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले, असं छातीठोक सांगणारी माणसं जगभर आहेत. प्रत्यक्षात ते ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले, त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं, १९९४ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर २०१३ ला गेले. फिओना ब्रूम या अमेरिकी लेखिकेमुळे या प्रकाराला ‘मंडेला इफेक्ट’ हे नाव पडलं. ‘आठवण बरोबरच आहे, जग बदललं’ म्हणणारा पक्षही त्यातूनच उभा राहिला.

‘मलाही अगदी असंच आठवतं’ छापाचे किस्से इथे नकोत, ते पुष्कळ झालेत. तपासणीचा अनुभव लिहा : काय पाहायचं, कसं विचारायचं, कुठे फसायला होतं. जग बदललं म्हणणाऱ्यांनीही यावं, पण तपासायची रीत घेऊन. प्रत्येकाचं टोपणनाव त्याच्या उत्तराच्या वर दिलं आहे.

लेगबाय

आपल्याकडचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे विश्वचषकातला सामना : १८ जून १९८३, इंग्लंडमधलं टनब्रिज वेल्स, भारत वि. झिंबाब्वे. ५ बाद १७ वरून कपिलदेव नाबाद १७५ : १३८ चेंडू, १६ चौकार, ६ षटकार. ६० षटकांत ८ बाद २६६ आणि ३१ धावांनी विजय. या सामन्याचं चित्रण अस्तित्वात नाही. बीबीसीचा संप होता असं सांगतात. कारण काहीही असो, रेकॉर्डिंग नाही. तरी ‘आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिली’ म्हणणारे दर पिढीत भेटतात.

ही माणसं खोटं बोलत नाहीत, सामग्री मात्र इकडून तिकडून आलेली असते. आठवड्याभराने, २५ जूनला झालेल्या अंतिम सामन्याची दृश्यं शेकडो वेळा दाखवली गेली. तेव्हा एकदिवसीय सामनेही पांढऱ्या कपड्यांत आणि लाल चेंडूने व्हायचे, त्यामुळे त्या काळातला कपिलचा कुठलाही फटका या खेळीत बेमालूम बसतो. शिवाय २०२१ मध्ये या विश्वचषकावर सिनेमा आला आणि त्यात ही खेळी पुन्हा उभी केली. आता तर डोळ्यांसमोर चित्रच तयार आहे.

तपासताना ‘तू पाहिलंस हे कशावरून?’ असं विचारू नये, माणूस लगेच बचावात जातो. आधी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्या : पडद्यावर धावफलक कसा दिसत होता, समालोचक कोण होता, शतक झालं तेव्हा कॅमेरा कुठे होता. उत्तरं बहुतेकदा अंतिम सामन्याची किंवा सिनेमाची निघतात.

प्रयोगवही

लेगबाय म्हणतात तसाच प्रकार नेदरलँड्समध्ये रीतसर तपासला गेला. ४ ऑक्टोबर १९९२ ला ॲमस्टरडॅममध्ये मालवाहू विमान इमारतींवर कोसळलं. तो क्षण कुणीही चित्रित केलेला नव्हता. संशोधक हान्स क्रॉम्बाग आणि सहकाऱ्यांनी पुढे लोकांना विचारलं, ‘विमान आदळतानाचं दृश्य टीव्हीवर पाहिलंत का?’ निम्म्याहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले. प्रश्नातच चित्रण असल्याचं गृहीत होतं.

घरी करता येईल अशी चाचणी देतो. मूळ पद्धत मानसशास्त्रज्ञ डीसची (१९५९), ती रोडिगर आणि मॅकडरमॉट या संशोधकांनी १९९५ मध्ये पुन्हा वापरात आणली. एकाच शब्दाभोवती फिरणारे १५ शब्द घ्या, पण तो मधला शब्द यादीत ठेवू नका. उदाहरणार्थ : अंथरूण, उशी, स्वप्न, जांभई, डुलकी, घोरणं, रात्र, पांघरूण, गादी, पेंग, अंगाई, पाळणा, थकवा, आराम, गजर. गाळलेला शब्द ‘झोप’. जवळचे शब्द आधी, लांबचे शेवटी. साधारण दीड सेकंदाला एक शब्द, सपाट आवाजात वाचा. मग दोन मिनिटं शंभरातून सात-सात वजा करायला लावा आणि नंतर आठवतील ते शब्द लिहायला सांगा. त्या दोघांच्या प्रयोगात १५ शब्दांच्या याद्यांवर न उच्चारलेला शब्द ५५ टक्के वेळा लिहिला गेला होता.

बिघडतं कुठे? सूचना देताना वाचणाराच ‘आता झोपेची यादी’ म्हणून जातो. ‘झोपाळू’सारखा त्याच धातूचा शब्द यादीत शिरतो. वेगवेगळ्या याद्यांचे शब्द मिसळले की परिणाम बराच उतरतो. एका यादीवरून काहीच ठरत नाही, निदान सहा हव्यात. आणि उत्तरं लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, कारण एकाची चूक ऐकली की शेजाऱ्याला तोच शब्द ‘आठवतो’. मंडेला इफेक्टवरच्या बहुतेक गप्पा मुळात याच पायरीवर नासलेल्या असतात.

आधी सावध केलं तर? चुका कमी होतात, थांबत नाहीत.

टंकखिळे

चित्रांसाठीही हाच धडा : आधी कोरा कागद द्या, पर्याय नंतर. पोकेमॉनमधला पिवळा पिकाचू काढायला आणि रंगवायला सांगा. ‘शेपटीचं टोक काळं होतं ना?’ असं विचारलंत की प्रयोग संपला. मूळ चित्रात कानांची टोकं काळी आहेत, शेपटीच्या बुडाशी तपकिरी रंग आहे, शेपटीचं टोक पिवळंच आहे. रेखाटन झाल्यावर तीन छापील चित्रं ठेवा : एक खरं आणि दोन बदललेली. आकार, कागद, शाई सारखी हवी. खरं चित्र जास्त ठळक छापलं गेलं तर लोक त्यावरूनच ओळखतात.

दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज या संशोधकांनी शिकागोत तीन चित्रांतून खरं निवडायला लावणारा असाच प्रयोग केला (२०२२). ४० चित्रं, १०० माणसं. त्यांपैकी ७ चित्रांत लोकांनी एकच विशिष्ट चूक केली : पिकाचू आहेच, शिवाय मोनोपॉली खेळावरच्या म्हाताऱ्याला नसलेला एकडोळी चष्मा, फ्रूट ऑफ द लूम या कपड्यांच्या कंपनीच्या लोगोतल्या फळांमागे नसलेली शिंगाच्या आकाराची टोपली वगैरे. ‘मेंदू ओळखीच्या वस्तूने जागा भरतो’ हे स्पष्टीकरण इथे पुरत नाही. फळं एरवी ताटलीत दिसतात, तरी लोकांनी ताटली सोडून टोपली निवडली. हा भाग अजून सुटलेला नाही आणि तो तसाच मांडावा.

रीळ

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा : चुकलेली आठवण आणि खरोखर दोन आवृत्त्या.

‘शोले’ (१९७५) दोन्हींना पुरतो. ‘अरे ओ सांबा, कितने आदमी थे’ हे वाक्य सिनेमात नाही. माणसं किती होती हा प्रश्न कालियाच्या टोळक्याला आहे, सांबाला विचारलाय तो इनामाचा आकडा. दोन वाक्यं नकलाकारांनी जोडली आणि जोडच लक्षात राहिली. उलट ‘शेवटी ठाकूर गब्बरला मारतो’ म्हणणारा चुकलेला नसू शकतो. तो शेवट चित्रित झाला होता. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे प्रदर्शित प्रतीत पोलीस येतात, पण मूळ शेवटाची प्रतही नंतर लोकांपर्यंत पोचली. म्हणून ‘कुठली प्रत?’ हा प्रश्न पहिला. वेष्टन, लोगो, पाठ्यपुस्तक, सगळीकडे हाच.

जुनी कात्रणं

वृत्तपत्रांत शोधताना तारखेच्या दिवसाचा अंक पाहून थांबू नका. डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी पाठवायची, लवकर छपाईला जायची, त्यामुळे रात्रीची बातमी तिच्यात एक दिवस उशिरा येते. पुढचे तीन दिवस चाळा. मृत्यूचा दावा असेल तर मूळ बातमीपेक्षा मागाहूनचं शोधा : अंत्ययात्रा, अग्रलेख, शोकप्रस्ताव. एखादी बातमी निसटेल, हे सगळंच निसटणार नाही. संगणकावर शोधत असाल तर नावाची दोन-तीन लेखनं टाकून पाहा, जुन्या छपाईतली जोडाक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत.

त्याआधी साधनाची तारीख पाहावी, निम्मं काम तिथेच होतं. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे जुलै १९६९ चं चंद्रावरचं पाऊल गिरगावात बसून टीव्हीवर थेट पाहिलेलं असूच शकत नाही. समाचारचित्रात, सिनेमाआधी थिएटरात, पाहिलेलं असू शकतं.

मंडेलांच्या आठवणीला लागणारं सामानही असंच तारखांनिशी सापडतं. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको खरोखर पोलीस कोठडीत वारले आणि १९८७ मध्ये त्यांच्यावर इंग्रजी सिनेमा आला. ११ जून १९८८ ला लंडनच्या वेम्बलीत मंडेलांच्या सत्तरीनिमित्त प्रचंड संगीत कार्यक्रम झाला, तो अनेक देशांत दिसला. मोठा फोटो, गाणी, भाषणं : श्रद्धांजलीसारखंच दृश्य.

तरंग

जग बदललं म्हणणाऱ्यांसाठी. भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेटच्या १९५७ च्या ‘अनेक जगां’च्या मांडणीत जगाच्या शाखा फुटतात, पण एकदा वेगळ्या झालेल्या शाखांमधून आठवणींची ने-आण होण्याची सोय त्या गणितात नाही. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेचा मोठा कोलायडर (कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र) सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला म्हणून त्याच्यावर बिल फाडतात. त्याहून कितीतरी जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण वातावरणावर आधीपासून आदळत आहेत.

अडचण त्याहून साधी आहे. आठवण मेंदूत असते आणि मेंदू याच जगातला. जगातली प्रत्येक छापील प्रत बदलली आणि नेमका तुमचाच मेंदू सुटला, हे कसं? ‘जुन्या जगाचे अवशेष’ म्हणून चुकीच्या स्पेलिंगची लेबलं दाखवतात, जसं अस्वलांच्या अमेरिकी बालपुस्तकांच्या नावात ‘बेरेनस्टेन’च्या जागी ‘बेरेनस्टीन’. ते लेबल टंकणाऱ्यालाही ‘स्टीन’ जास्त ओळखीचं होतं, एवढंच त्यातून कळतं. खरी तपासणी करायची तर ज्यांचा रोज संबंध येतो त्यांना विचारा : त्या नावाचं कुटुंब, ते चित्र काढणारे, दक्षिण आफ्रिकेतले मतदार. जग बदललं असेल तर जुनं रूप त्यांना सर्वांत पक्कं आठवायला हवं.

टंकखिळे

प्रयोगवही, तुमच्या यादीत ‘पाळणा’ आणि ‘अंगाई’ दोन्ही ठेवली तर यादी बाळाकडे वळते आणि लोक ‘बाळ’ लिहितात. ‘पाळणा’ काढून ‘बिछाना’ टाका.