हनोईचा गाईड गप्प का झाला? (आपल्या सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा)

ए ३०२: हनोईचे फोटो टाकलेत बघा सगळ्यांनी. ते मिग-२१ म्युझियममधलं. तिथे लेकाने गाईडला सहज विचारलं की चीननेपण तुम्हाला युद्धात खूप मदत केली ना, तर तो इतका बोलका माणूस, एकदम गप्प झाला, "केली" एवढंच म्हणाला आणि पुढच्या दालनात घेऊन गेला. तेव्हापासून हा माझ्या मागे लागलाय, असं का म्हणून. बी ४०३ काका, तुम्हीच सांगा आता.

बी ४०३: ताई फोटो मस्त. माझे वडील ५५ साली हनोईला होते, फ्रेंचांशी चाललेलं युद्ध थांबवणाऱ्या जिनिव्हा करारानंतर जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड, म्हणून आपली माणसं तिकडे गेलेली. घरी हा विषय खूप निघायचा. ते म्हणायचे तिथल्या लोकांना जिंकल्याचा आनंद होता पण पोटात एक सल होती. कारण बघा, ७ मे १९५४ ला दिएन बिएन फू हा फ्रेंचांचा तळ पडला, फ्रेंच हरले. त्या लढाईत चिनी सल्लागार होते, तोफा-दारूगोळा चीनमधून आलेला, हे खरंच. पण लगेच जिनिव्हात वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा व्हिएतनामच्या बाजूने बोलणारे फाम वान डोंग देशाची उत्तर-दक्षिण वाटणी करणारी रेघ १३ व्या अक्षांशाजवळ मागत होते आणि चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लायनी जुलैच्या सुरुवातीला चीनमधल्या लिउचौला व्हिएतनामचे नेते हो ची मिन्हना भेटून समजावलं की १७ वर तयार व्हा. हातात आलेला केवढा मुलूख सोडावा लागला. दोन वर्षांत निवडणुका घेऊन देश एक होणार असं कागदावर होतं, त्या झाल्याच नाहीत, आणि मग पुढची २० वर्षं मरणं.

सी २०४: म्हणजे चीनने तेव्हाच दगा दिला ना काका

बी ४०३: दगा हा शब्द मी नाही वापरणार. कोरियाचं युद्ध ५३ च्या जुलैत थांबलेलं, चीनची लाखो माणसं गेलेली, माओचा स्वतःचा मुलगा तिथे गेला. पहिली पंचवार्षिक योजना नुकती सुरू झालेली. अमेरिका व्हिएतनाममध्ये उतरली तर पुन्हा आपल्याच दाराशी युद्ध, ही भीती त्यांना होती. त्यांचा हिशोब त्यांच्या जागी बरोबर होता, फक्त त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

ए १०१: इथे मला बोलावंच लागेल. चीनने नुसता हिशोब केला असं म्हणणं अन्याय आहे हो. १९६५ ते ६९ या काळात चीनची सव्वातीन लाखाच्या आसपास माणसं उत्तर व्हिएतनाममध्ये होती, ६७ साली एकाच वेळी १ लाख ७० हजार. विमानविरोधी तोफा चालवल्या, बॉम्बने उडवलेले रेल्वेचे पूल रात्रीत पुन्हा बांधले. हजारावर माणसं मेली, त्यांच्या कबरी तिथेच आहेत. त्यांनी मागची बाजू सांभाळली म्हणून व्हिएतनामचे सैनिक दक्षिणेला लढायला मोकळे झाले. आणि कोरियात काय झालं ते आठवून अमेरिकेने उत्तरेत पायदळ उतरवलं नाही. हे विसरून कसं चालेल.

बी ४०३: साहेब शंभर टक्के मान्य. ते रक्त खरं होतं. मी फक्त म्हणतोय की चीनच्या मदतीचं पारडं वरखाली होत राहिलं, आणि ते हनोईच्या गरजेप्रमाणे कमी आणि बीजिंग-मॉस्को भांडणाप्रमाणे जास्त. रशियाचा माल चीनमधून रेल्वेने यायचा, माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत तो वाटेत अडकायचा, लुटलाही गेला. ६८ च्या मे महिन्यात हनोईने पॅरिसला अमेरिकेशी बोलणी सुरू केली तर चीन नाराज, त्यांचं म्हणणं लढत राहा, दीर्घ युद्ध करा. लढणार कोण, मरणार कोण, तर व्हिएतनामी पोरं. आणि तोच चीन तीन वर्षांनी स्वतः अमेरिकेशी बोलायला बसला.

सेक्रेटरी: सूचना: उद्या टाकी साफ करणार, ११ ते ४ पाणी बंद. भरून ठेवा.

सी २०४: निक्सन गेला ते ना

बी ४०३: हो. आधी जुलै १९७१ मध्ये निक्सनचा सल्लागार किसिंजर, पाकिस्तानात पोट बिघडल्याचं सांगून गुपचूप बीजिंगला. त्यानंतर दोनचार दिवसांत चाऊ एन-लाय हनोईला गेले, काय झालं ते सांगायला. त्या खोलीत बसलेल्या माणसांचं काय झालं असेल ते मी नेहमी मनात आणतो. ज्याच्या विमानांनी तुमची शहरं भाजली त्याच्याशी तुमचा थोरला भाऊ हात मिळवतोय. ७२ च्या फेब्रुवारीत निक्सन बीजिंगमध्ये पाहुणा, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हनोईवर अमेरिकेच्या बी-५२ विमानांचे बॉम्ब, बाख माय हॉस्पिटल पडलं, खाम थिएन रस्ता भुईसपाट.

ए १०१: पण ७१ ते ७३ मध्ये चीनने मदत वाढवली होती, तेही लिहा.

बी ४०३: लिहितो ना, वाढवली. मला वाटतं मन राखायला, आणि हनोई पूर्ण रशियाच्या पदरात जाऊ नये म्हणून. पण तांदूळ आणि बंदुका पाठवून ते भरून येत नाही. जुनी म्हण त्यांची, ओठ आणि दात, ओठ गेले की दातांना गारठा लागतो. ती म्हण त्या दोन वर्षांत मेली. ७५ ला दक्षिणेची राजधानी सायगाव पडल्यावर मदत कमी होत गेली, ७८ च्या जुलैत पूर्ण बंद. नोव्हेंबरला हनोईने रशियाशी करार केला, डिसेंबरअखेर तिथल्या ख्मेर रूज या जुलमी कम्युनिस्ट राजवटीला हटवायला कंबोडियात शिरले, आणि ख्मेर रूजच्या पाठीशी चीन होता. १७ फेब्रुवारी १९७९ ला चिनी फौज सीमेवर सगळीकडून आत. भाषा काय तर धडा शिकवायचा. आपले वाजपेयी तेव्हा परराष्ट्रमंत्री, चीनच्या दौऱ्यावरच होते, दौरा अर्धा टाकून परत आले. ६२ पाहिलेल्या आपल्या लोकांना तो शब्द कसा लागला असेल.

ए १०१: ते चुकलंच चीनचं. त्यात दुमत नाही. आमच्या युनियनच्या ऑफिसात त्या दिवशी कोणी कोणाशी बोललं नव्हतं, मला स्पष्ट आठवतंय. भिंतीवर हो ची मिन्ह आणि माओ शेजारी शेजारी लावलेले, काढायचं कोणाचं आणि ठेवायचं कोणाचं.

बी ४०३: महिन्याभरात परत गेले, पण जाताना लांग सोन, काओ बांग, लाओ काय ही गावं उडवून गेले, पूलसुद्धा. लांग सोनवरूनच चीनची रेल्वे यायची, ज्या वाटेने दहा वर्षं धान्य आलं त्याच वाटेने.

ए ३०२: काका थांबा. लांग सोन म्हणालात ना? लेक आत्ता म्हणतोय गाईड बसमध्ये बोलला होता, त्याचं आजोळ लांग सोन. ७९ ला तो ६ वर्षांचा होता, आईने पाठीशी बांधून रात्रभर चालत आणलं म्हणे. आम्ही तेव्हा फोटोच काढत होतो, लक्षच दिलं नाही.

बी ४०३: त्याचा नंबर आहे का तुमच्याकडे?

ए ३०२: आहे. फोटो पाठवायचे कबूल केलेत त्याला. आज पाठवते, आणि आईची विचारपूस करते.